जखम पायावर, गडबड शिरेत!

दीड-दोन महिने उलटले तरी पायावरची जखम भरत नाहीये? 'वयाचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नका. तिच्यामागचं कारण सापडलं, तर ती भरते! सानपाड्यातल्या एका घरात सुरू झालेली आणि थेट तुमच्या ऑफिसच्या खुर्चीपर्यंत पोचणारी ही पायांची गोष्ट...

सकाळच्या पीक अवरला सानपाडा स्टेशनवर कधी उभे राहिला आहात? एका बाजूला सायन-पनवेल हायवेचा गोंगाट, दुसऱ्या बाजूला पाम बीच रोडवरून जॉगिंग करून परतणारी मंडळी, आणि तुर्भ्याकडे एपीएमसीच्या ट्रकची रांग. प्लॅटफॉर्मवर कोण कोण असतं? वाशीच्या मॉलमध्ये दहा तास उभी राहणारी सेल्सगर्ल, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये दहा तास बसणारा इंजिनीअर, शाळेत फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाई, सिक्युरिटी गार्ड, पार्लरवाली आणि मार्केटात पोती वाहून आलेले माथाडी मामा. पगार वेगळे, मोबाइल वेगळे, टेन्शन्सही वेगळी. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी. पाय! ते दिवसभर उभे तरी असतात, नाही तर टेबलाखाली लोंबकळत तरी असतात.

आपण चेहऱ्याला फेशियल करतो, केसांना स्पा देतो, पोटासाठी जिमचं वर्षाचं पॅकेज घेतो (आणि तीन आठवडे जातो!). पायांच्या वाट्याला काय येतं? फार फार तर दिवाळीआधीचं एखादं पेडिक्युअर. गुडघ्याखाली काय चाललंय, हे बघायला कुणाला वेळ आहे?

मलाही नव्हता. पण गेल्या वर्षी माझ्या आत्याच्या पायाने मला या विषयात ओढलं. मग मी वाचत गेले, डॉक्टरांना प्रश्न विचारत गेले, आणि लक्षात आलं, की हा विषय फक्त आत्याच्या वयाचा नाहीच मुळी!

आत्याचा मोजा

माझी आत्या सानपाड्यात राहते. वय ५९. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका. म्हणजे तीस वर्षं उभं राहणं आणि घरी आल्यावर परत ओट्यापाशी उभं राहणं. सोसायटीतली प्रत्येक मंगळागौर जिच्याशिवाय सुरू व्हायची नाही, अशी ही बाई अचानक कुठे जाईनाशी झाली. "कंटाळा आलाय गं", "गुडघे दुखतात गं", अशी रोज नवीन सबब. घरातसुद्धा डाव्या पायात मोजा. ऐन मे महिन्यात, तोही नवी मुंबईच्या घामट उकाड्यात!

एकदा मी सरळ विचारलंच. आधी तिने उडवून लावलं. मग दार लोटून घेतलं आणि मोजा उतरवला. आतल्या घोट्याच्या जरा वर, रुपयाच्या चार नाण्यांएवढी ओलसर, पिवळट जखम. भोवतीची कातडी काळपट तपकिरी आणि हाताला लाकडासारखी कडक. आणि वास.

"चौदा महिने झाले," ती म्हणाली. "आधी नुसती खाज होती. मग दाराचा कोपरा लागला, तेव्हापासून भरतच नाही बघ. वास येतो म्हणून कुणाच्या घरी जात नाही. बसमध्येसुद्धा बायका बाजूला सरकतात."

चौदा महिने! या काळात हळद झाली, कोरफड झाली, शेजारच्या काकूंनी दिलेलं मलम झालं, अँटिबायोटिक पावडर झाली. जवळच्या एका दवाखान्यात गोळ्यांचे पाच कोर्स झाले. प्रत्येक वेळी आठ दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा जैसे थे. या चौदा महिन्यांत एकाही माणसाने तिला उभं करून तिचे दोन्ही पाय नीट बघितले नव्हते. जखमेकडे सगळ्यांनी पाहिलं होतं. पायाकडे कुणीच नाही!

दुसरं हृदय पोटरीत!

आता थोडं सायन्स. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं. पण ते वर परत कसं येतं? गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने, चार फूट वर? तर त्यासाठी दोन सोयी आहेत. पहिली, शिरांच्या आत बसवलेल्या एकमार्गी झडपा. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. दुसरी सोय म्हणजे पोटरीचा स्नायू. तुम्ही चालता तेव्हा तो प्रत्येक पावलाला आवळतो आणि शिरांमधलं रक्त वर पिळून काढतो. म्हणून तर पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात.

नुसतं स्तब्ध उभं राहिलं, की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं, की निरोगी पायात तो ३०च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो. झडपा बिघडल्या, तर चाललं तरी दाब उतरत नाही. वर ढकललेलं रक्त पुन्हा धपकन खाली! मग शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. याच त्या व्हेरिकोज व्हेन्स. संध्याकाळी पाय जड होतात, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कातडीत पाझरतात आणि त्यातल्या लोहाचा तपकिरी डाग उरतो. कातडी कडक होते, खाजते. अशा कातडीला दाराचा कोपरा लागणं पुरेसं असतं.

थोडक्यात, आत्याची जखम दाराच्या कोपऱ्याने झाली, पण ती अडून राहिली शिरेतल्या दाबामुळे. वरून कितीही मलम चोपडा, खालून दाब चालूच!

डिटेक्टिव्हगिरी

गुडघ्याखालची जखम चार ते सहा आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टर तिला 'क्रॉनिक लेग अल्सर' म्हणतात. हे निदान नाही हं, हे फक्त लक्षणाचं नाव. खरा प्रश्न पुढेच आहे. का भरत नाही?

आत्याला मी वाशीतल्या एका व्हॅस्क्युलर सर्जनकडे नेलं. रक्तवाहिन्यांचे डॉक्टर. त्यांनी पट्टी सोडायच्या आधीच प्रश्नांची सरबत्ती केली. नोकरी कसली होती? बाळंतपणात पाय सुजायचे का? पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का? शुगर? तंबाखू, मिशरी? चालताना पोटरीत गोळा येतो का? रात्री पाय दुखला, तर वर घेऊन बरं वाटतं की खाली सोडून?

हा शेवटचा प्रश्न मला गंमतशीर वाटला, पण त्यातच अर्धं निदान होतं! शिरेचा दोष असेल तर पाय उंच ठेवल्यावर बरं वाटतं. धमनीचा असेल, म्हणजे शुद्ध रक्तच खाली पोचत नसेल, तर उलट. रात्री दुखून जाग येते आणि माणूस पाय पलंगाखाली सोडून बसतो.

मग जागा. आतल्या घोट्याच्या वर, उथळ, ओली, भोवती तपकिरी कातडी, असं असेल तर संशय शिरेवर. बोटांच्या टोकांवर किंवा बाहेरच्या घोट्यावर, कोरडी, खोल, प्रचंड दुखणारी, आणि पाऊल गार असेल तर संशय धमनीवर. तळव्यावर, भोवरीच्या मधोमध आणि मुळीच न दुखणारी असेल तर मज्जातंतू बधिर झालेत. म्हणजे डायबिटीस किंवा कुष्ठरोग.

आत्याला उभं केलं. मांडीपासून घोट्यापर्यंत फुगलेली शीर मलाही दिसली. मग पावलावरच्या दोन जागी नाडी चाचपली. मग आली ती सर्वांत महत्त्वाची टेस्ट. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब एका छोट्या डॉपलर यंत्राने मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. खोलीभर हुश्श-हुश्श आवाज घुमला. आत्याचं उत्तर आलं १.०५. म्हणजे धमन्या ठणठणीत.

हा भागाकार इतका महत्त्वाचा का? कारण शिरेच्या जखमेवरचा मुख्य उपाय म्हणजे घट्ट पट्टी, आणि धमनी अरुंद झालेल्या पायावर तीच पट्टी बांधली, तर पाय काळा पडू शकतो! आकडा ०.८च्या खाली असेल तर पूर्ण दाबाची पट्टी चालत नाही. ०.५च्या खाली असेल तर पट्टी विसरा, आधी रक्तपुरवठ्याचं बघा. आणि १.३च्या वर गेला, तर खूश होऊ नका. डायबिटीसमध्ये धमन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि आकडा खोटा वाढतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

त्यानंतर कलर डॉपलर झाली, म्हणजे पायाची सोनोग्राफी. मांडीतल्या मुख्य वरवरच्या शिरेच्या झडपा निकामी, रक्त उलटं खाली येतंय, हे स्क्रीनवर चक्क रंगात दिसलं. शुगर, हिमोग्लोबिन आणि प्रोटीनच्या तपासण्या झाल्या. शुगर नॉर्मल. हिमोग्लोबिन आणि प्रोटीन मात्र कमी.

"आठवड्यातून किती उपास करता, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी," आत्या.

"आणि खाता काय? साबुदाणाच ना? नवी कातडी साबुदाण्याची बनत नाही. उसळ खा, डाळ खा, दूध-दही घ्या. अंडं चालत असेल तर रोज एक. देवाला मी सांगतो!"

चौदा महिन्यांत आत्या पहिल्यांदाच मोकळं हसली.

सगळ्यांत मोठा गैरसमज

"मग आता कोणतं अँटिबायोटिक?" मी विचारलं. "कोणतंच नाही," उत्तर आलं. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

जुन्या उघड्या जखमेवर जंतू असतातच. कापसाने पुसून लॅबमध्ये पाठवलं, तर रिपोर्टमध्ये काहीतरी उगवणारच. पण म्हणून तिथे इन्फेक्शन आहे, असं होत नाही. भोवतीची कातडी लाल, गरम आणि सुजलेली झाली, लाली पसरत चालली, दुखणं अचानक वाढलं, ताप आला, तर इन्फेक्शन. तेव्हा गोळ्या हव्यातच, आणि लगेच हव्यात. एरवी कोर्समागून कोर्स घेतल्याने जखम भरत नाही, जंतू मात्र औषधाला सरावतात.

दुसरा गैरसमज हा, की जखम 'वाळली पाहिजे'. आपल्याकडे तर हे ब्रह्मवाक्यच! पण जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने १९६२ साली डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर वाळलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. जगभरातली आजची सगळी ड्रेसिंग्ज याच पायावर उभी आहेत. म्हणून रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणं, स्पिरिट लावणं, पावडर भुरभुरवणं बंद. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, मेलेला पिवळा थर डॉक्टरांकडून काढून घ्या आणि न चिकटणारं ड्रेसिंग लावा.

आणि अशी ड्रेसिंग्ज परदेशातून आलेली, महागच असायला हवीत, असंही नाही. यात आपल्या महाराष्ट्राने मस्त काम केलंय! मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी १९८५ साली भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग अभ्यासलं, तो पेपर २००३चा. पान चिकटत नाही, म्हणून काढताना रुग्ण किंचाळत नाही. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध वापरून केलेला अभ्यास १९९१ साली ब्रिटनच्या सर्जरीच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आला.

पण थांबा! लगेच मधाची बाटली उघडू नका. एक तर हे सगळं हॉस्पिटलात, निर्जंतुक करून वापरलेलं. दुसरं म्हणजे भाजलेली जखम वेगळी आणि शिरेच्या दोषाची वेगळी. २००८ साली न्यूझीलंडमध्ये पायावर शिरेची जखम असलेल्या ३६८ लोकांवर मधाच्या ड्रेसिंगची चाचणी झाली. घट्ट पट्टी सगळ्यांनाच होती. बारा आठवड्यांनी पाहिलं, तर मधाने जखमा भरण्यात फारसा फरक पडला नव्हता. जे काम होत होतं, ते पट्टीनेच!

पट्टीचा महिमा

तर हीरो कोण? पट्टी! पण मेडिकलमध्ये मिळणारी साधी क्रेप बँडेज नव्हे. ती संध्याकाळपर्यंत घोट्याशी गोळा होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे हवी ती कॉम्प्रेशन बँडेज. घोट्याशी दाब सुमारे ४० मिलिमीटर आणि गुडघ्याकडे जाताना कमी कमी होत जाणारा. बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, आणि शेवट गुडघ्याच्या खाली. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात चार थरांची पट्टी विकसित झाली आणि जगभर पसरली. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जर्मनीतल्या हॅम्बर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना जस्ताची पेस्ट लावलेली पट्टी बांधत. तिला आजही 'उन्ना बूट' म्हणतात. त्याच्याही कितीतरी आधी आपल्या सुश्रुतसंहितेत जखमेवरचे साठ उपक्रम मोजलेले आहेत, आणि पट्टी बांधणं त्यातही आहेच.

पट्टी सोपी वाटते. पण आत्याला विचारा! पहिल्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी "काढून टाक गं ही बेडी". आंघोळीला पायावर प्लॅस्टिकची पिशवी. चप्पल बसेना, म्हणून काकांची सँडल. आठवड्यातून एकदा पट्टी बदलायची, आणि ती शिकलेल्या हातानेच बांधायची. सैल बांधली तर निरुपयोगी, चुकीच्या जागी आवळली तर धोकादायक. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा असह्य दुखलं, तर पट्टी लगेच सोडायची, हे त्यांनी घरातल्या प्रत्येकाला पाठ करून दिलं होतं.

सोबत गृहपाठ. दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास पाय हृदयाच्या वर. स्टुलावर ठेवून उपयोग नाही, आडवं होऊन खाली उशा! बसल्या बसल्या पंजे वर-खाली. आणि रोज चालणं. विश्रांती म्हणजे नुसतं खुर्चीत बसून राहणं नव्हे, हे तिला पटायला वेळ लागला.

जखमेचं माप पारदर्शक कागदावर पेनने काढून ठेवायचे. ही आयडिया मला फार आवडली. पहिल्या महिन्याने नवा कागद जुन्यावर ठेवला, तेव्हा निम्म्या जागेत नवी रेघ बसली होती. आत्या त्या दोन कागदांकडे प्रगतिपुस्तकासारखं बघत राहिली. पहिल्या चार आठवड्यांत जखम साधारण ४० टक्के आक्रसली, तर ती भरण्याची शक्यता चांगली. तसं होत नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून विचार. कारण वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमेच्या कडेला कधी कधी कॅन्सर निघतो. फ्रेंच सर्जन मार्जोलाँच्या नावाने तो ओळखला जातो. म्हणून नीट उपचार करूनही तीनेक महिन्यांत हालचाल नसेल, कडा उंच आणि गुठळ्यांच्या होत असतील, तर बायोप्सी टाळू नका.

आधी जखम भरू दे, मग शीर बघू?

पूर्वी असंच चालायचं. २००४ साली ब्रिटनमधल्या ५०० रुग्णांच्या एका चाचणीत दिसलं, की नुसती पट्टी आणि पट्टी अधिक शिरेचं ऑपरेशन, दोन्ही गटांत जखमा सारख्याच, म्हणजे २४ आठवड्यांत सुमारे ६५ टक्के भरल्या. पण वर्षभरात जखम परत उघडण्याचं प्रमाण पट्टीवाल्यांत २८ टक्के, तर ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के! मग २०१८ साली ४५० रुग्णांची दुसरी चाचणी आली. आता ऑपरेशनऐवजी शिरेत बारीक नळी घालून आतूनच ती बंद करण्याचं तंत्र होतं. ज्यांची शीर लगेच बंद केली, त्यांची जखम भरायला लागलेला मध्यक काळ ५६ दिवस. ज्यांना 'आधी जखम भरू दे' म्हणून थांबवलं, त्यांना ८२ दिवस.

म्हणून आत्याचीही शीर दुसऱ्या महिन्यातच लेसरने बंद केली. भूल फक्त पायापुरती, त्याच दिवशी घरी. पट्टी चालूच. सोळाव्या आठवड्यात जखमेच्या जागी गुलाबी, पातळ कातडी होती. आता तिच्या पायात पुन्हा मोजा असतो. पण लपवायचा नव्हे, दाबाचा! उठल्या उठल्या, पाय जमिनीवर टेकवण्याआधी घालायचा, रात्री काढायचा, आणि इलॅस्टिक सैल पडतं म्हणून सहा महिन्यांनी बदलायचा. तो कायमचा. त्याला सुट्टी नाही.

यंदाच्या श्रावणात तिने मंगळागौरीला झिम्मा खेळला की नाही? खेळला. अगदी पहिल्या फेरीत!

प्रत्येक जखम आत्याची नसते

इथे एक सावधगिरी. आत्याचा इलाज वाचून बाबांच्या पायाला पट्टी बांधायला धावू नका!

बाबांना डायबिटीस असेल, तर गोष्टच वेगळी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे. तळव्याची संवेदना गेली, की चपलेतला खडा कळत नाही, गरम फरशी कळत नाही. जखम दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. इथे इलाज म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं, योग्य पादत्राणं, शुगर ताब्यात ठेवणं आणि रोज आरशात तळवा बघणं. न दुखणारी जखम चांगली, असं आपल्याला वाटतं. खरं तर तीच जास्त फसवी!

हे शहाणपण आपल्याला कुष्ठरोगाने शिकवलं. बोटं 'झडतात' हा समज खोटा. बधिर पायाला जखम होते, वेदना नसल्याने माणूस त्यावरच चालत राहतो आणि पाय झिजतो, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं. मऊ रबराच्या तळाच्या चपला हा तिथल्या उपचाराचाच भाग होता. इकडे मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरुग्णांच्या शस्त्रक्रियांसाठी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याशी जखमा होतात, तेही ऐन तरुणपणी. आणि सिगरेट ब्रेकवाल्या मित्रांनो, ही तुमच्यासाठी. १९०८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्गर यांनी वर्णन केलेला एक आजार आहे. तो बहुतेक करून पन्नाशीच्या आतल्या, तंबाखू घेणाऱ्या पुरुषांना होतो. हातापायांच्या लहान धमन्या बंद होतात, बोटांवर जखमा होतात, शेवटी बोटं कापावी लागतात. विडी, सिगरेट, तंबाखू पूर्ण बंद करणं, हाच तो थांबवण्याचा खरा उपाय. 'कमी केलीय यार' चालत नाही!

आणि आपलं काय?

आपल्या पिढीचा रस्ता इथे दोन ठिकाणी मिळतो. एक, तासन् तास बसणं किंवा उभं राहणं. दोन, पायाच्या खोल शिरेत होणारी रक्ताची गुठळी. लांबचं विमान, प्लॅस्टरमधला पाय, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या... निमित्तं बरीच. गुठळी विरघळते, पण झडपा खराब करून जाते, आणि बिल काही वर्षांनी येतं. घोट्यावरच्या जखमेच्या रूपात! म्हणून एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, तर 'जिममध्ये ताणला असेल' म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर तडक हॉस्पिटल!

हे जमेल ना?

• तासाला एकदा खुर्ची सोडा. कॉल चालू असेल तर चालत बोला. जागेवरून हलता येत नसेल, तर टेबलाखाली पंजे वर-खाली, वीस वेळा.

• उभ्याचं काम असेल, तर एकाच जागी खिळू नका. टाचा उचला, वजन बदला, चार पावलं टाका.

• संध्याकाळी पाय सुजतात, घोट्याजवळ तपकिरी डाग किंवा सततची खाज आहे? जखम व्हायची वाट न पाहता शिरा तपासून घ्या.

• फुगलेली शीर फुटून रक्त आलं, तर घाबरून उभं राहू नका. आडवे व्हा, पाय उंच करा आणि त्या जागी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मग हॉस्पिटल.

• पावसाळ्यात पायावर जखम घेऊन साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोची लागण अशा जखमेतून होऊ शकते. उतरावंच लागलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

• जखमेला सहा आठवडे झाले? मलम बदलू नका, प्रश्न बदला. 'काय लावू?' हा प्रश्न सोडा आणि 'का भरत नाही?' हे विचारा. आणि घोट्याचा दाब मोजल्याशिवाय घट्ट पट्टी कुणालाही बांधू देऊ नका.

शेवटचं काम फक्त पाच मिनिटांचं आहे. आई-बाबा, सासू-सासरे, घरी येणाऱ्या कामाच्या मावशी, यांच्यापैकी कुणी उकाड्यातही मोजा घालतंय का, लग्नाकार्याला जायचं टाळतंय का, पायावरची साडी जास्तच खाली ओढतंय का, बघा जरा. लाजेपोटी ही माणसं स्वतःहून बोलणार नाहीत. वासाची लाज फार वाईट! विचारायचं आपल्याला आहे. या वीकएण्डला विचाराल?